जत्रेच्या दिवशीची अट

बावधनला आमच्या घरी वडिलांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "जर-तरच्या गोष्टी माझ्यापुढे करायच्या नाहीत." रिक्षा वेळेवर मिळाली असती तर, पेपर सोपा आला असता तर, असलं काही आम्ही बोलायला लागलो की ते चष्म्यावरून बघायचे आणि आम्ही गप्प व्हायचो. आणि त्यांची ही लेक आज पोट भरते ते निव्वळ जर-तरवर. मी वेब सर्व्हर सांभाळते. आपण एखादी साइट उघडतो तेव्हा पलीकडे एक यंत्र बसलेलं असतं. कोण आलंय, कुठून आलंय, काय मागतंय हे बघून कुणाला कुठलं पान दाखवायचं ते ठरवतं. पण स्वतःच्या अकलेनं नाही. आम्ही लिहून ठेवलेल्या अटी ते वरून खाली वाचत जातं आणि जी पहिली लागू पडेल तिथं थांबतं. अमुक असेल आणि तमुक नसेल तर हे, नाहीतर ते. माझा दिवस असल्या ओळी लिहिण्यात जातो आणि मला त्यात भारी मजा येते.

लग्न होऊन मुळशीत आले तेव्हा काम घरूनच करायचं ठरलं होतं. सासरचं घर धरणाच्या रस्त्याला लागून. अंगणात पत्र्याच्या शेडखाली सासूबाईंची खानावळ: चुलीवरची कोंबडी, तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा. पुण्याहून येणारी माणसं भूगावातूनच फोन करायची, कारण पुढे रेंजचा भरवसा नाही. सासूबाई पिठाच्या हातानं फोन उचलायच्या आणि पलीकडून प्रश्न एकच: आज जेवायला काय आहे?

एक दिवस त्या वैतागल्या. "त्येच त्येच सांगून तोंड दुखाया लागलं माझं. तुझ्या त्या डबड्याला सांग की सांगायला."

डबडं म्हणजे माझा लॅपटॉप. मला काय, तेच पाहिजे होतं. खानावळीची छोटी साइट करायला घेतली आणि सासूबाईंसमोर जाऊन बसले. त्या तांदूळ निवडत होत्या.

"सोमवारी कोंबडी न्हाई," त्या म्हणाल्या. "शनवारी बी न्हाई."

"बरं."

"एकादशीला न्हाई. पर कुनी म्हातारं मानूस आलं तर उपासाचं काय तरी द्यायचं."

"आई, आलेला माणूस म्हातारा आहे हे यंत्राला कसं कळणार?"

"मला बगितल्याव कळतं."

"यंत्राला डोळे नसतात."

"मग कशापाई ठिवलंय त्येला?" त्यांनी सुपातला एक खडा लांब फेकला. "आन् सरावणात म्हैनाभर कोंबडी न्हाई. पर तुझा सासरा मागंल. त्येला घराबाहीर काढ."

सासरे शेजारीच बाजेवर पडले होते. त्यांनी कूस बदलली आणि काही ऐकलंच नाही असं दाखवलं.

सासूबाईंच्या प्रत्येक नियमाला शेपटासारखा एक 'पर' असायचा, आणि तो 'पर' कुठे बसवायचा यावर माझी दुपार जायची. खास अट वर, सर्वसाधारण अट खाली, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शहाणपण. श्रावण वर, सोमवार त्याच्या खाली, रोजची थाळी तळाशी. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर मी माझ्या सोयीची एक ओळ टाकली: आमच्या घरच्या वायफायवरून कुणी उघडलं तर कसलीही अट बघायची नाही, भरलेली थाळी सरळ दाखवायची. चाचणी करताना सोमवार-शनिवार आड यायला नकोत म्हणून. ती ओळ लिहून मी स्वतःच स्वतःला शाबासकी दिली होती.

साइट झकास चालली. फोन कमी झाले. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला "सुनंनं केलंय" म्हणून मोबाइल दाखवायला लागल्या, आणि मी त्या वेळी मुद्दाम तिथं काहीतरी काम काढायची.

मग चैत्रातली गावची जत्रा आली. लग्नानंतरची माझी पहिलीच. आठवडाभर आधी सासूबाईंनी बजावलं, "जत्रंचं दोन दिस जेवान इकायचं न्हाई. द्येवाचं आसतंय त्ये."

हे तर सोपं होतं. जर जत्रा असेल तर विक्री बंद. ही अट मी श्रावणाच्याही वर ठेवली. फक्त पानाचा नमुना बघितला तर 'आज जेवणाची विक्री बंद आहे' हे मोबाइलवर दोन ओळींत जात होतं आणि वाईट दिसत होतं. म्हणून सुटसुटीत केलं, 'आज जेवण नाही.' शेजारी झोपलेल्या मांजरीचं एक चित्रही टाकलं. गोड दिसत होतं.

जत्रेचा पहिला दिवस गोडा, दुसरा खारा. गोड्या दिवशी पुरणपोळी, कटाची आमटी, गुळवणी, कुरडया. खाऱ्या दिवशी मटण. आमच्या घराची आणखी एक रीत आहे आणि ती सासूबाई जिवापाड पाळतात. देवाला नैवेद्य गेला की पहिलं ताट परक्या माणसाचं. पै-पाहुण्याचं नाही, भावकीचं नाही. ज्याचं नावगाव आपल्याला ठाऊक नाही, जो आपल्या पायांनी दारात आलाय, त्याचं. तो जेवेपर्यंत घरातल्या कुणी पाण्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. जत्रेत येणारे पाळणेवाले, खेळणीवाले दर वर्षीचेच, त्यामुळे ते परके राहिलेले नाहीत. पण घर रस्त्याला लागून. धरण बघायला निघालेली एखादी गाडी थांबतेच. सासूबाई या घरात आल्यापासून ही रीत एकदाही चुकलेली नव्हती.

नैवेद्य गेला. पालखीला खांदा देऊन नवरा परत आला. आते, मामे, चुलत अशी सगळी मंडळी ओट्यावर दाटीवाटीनं बसली. आणि गाड्या काही थांबेनात. एकामागून एक सरळ पुढं निघून जायच्या. सासूबाई रस्त्याच्या कडेला उभ्या राहून हात करत होत्या. गाडीतली माणसंही त्यांना हसून हात करायची. पोळ्यांची चवड गार होत चालली. सासऱ्यांनी तिसऱ्यांदा पाणी मागितलं.

"साइट चालू हाय न्हवं तुझी?" सासूबाईंनी आत येऊन विचारलं. त्यांनी स्वतःच मोबाइल उघडून बघितला. भरलेली थाळी दिसत होती. "चालू हाय," म्हणत त्या पुन्हा बाहेर गेल्या. मी पोळ्या लाटत होते, माझ्या काही डोक्यात आलं नाही.

अखेर एक गाडी थांबली. सासूबाई जवळजवळ धावतच गेल्या. गाडीतल्या बाईंना फक्त रस्ता विचारायचा होता. "या की, जेवा आन् मग जावा," सासूबाई म्हणाल्या.

"अहो मावशी, आमचं झालं जेवण. तुमच्याकडेच येणार होतो, पण साइटवर बघितलं तर हे." त्यांनी मोबाइल पुढं केला. आमची मांजर निवांत झोपली होती.

गाडी गेली. सासूबाई परत आल्या त्या सरळ माझ्यासमोर.

"माझ्या दारात 'जेवान न्हाई' आसं लिवलंस? जत्रंच्या दिशी?"

"तुम्हीच म्हणालात ना, विकायचं नाही!"

"इकायचं न्हाई म्हनले. न्हाई म्हनले का मी, की जेवानच न्हाई?"

मला राग आला. सांगितलं तसं तर लिहिलं होतं! मीही तोंडाची काही कमी नाही. काहीतरी बोलणार तेवढ्यात ओट्यावरून चुलतसासूबाईंनी तोडगा काढला. "आगं, भांडताय कशापाई? सून तर भायेरचीच हाय न्हवं? पयलीच जत्रा तिची. तिलाच वाढा पयलं ताट आन् मोकळ्या व्हा."

सगळ्या ओट्याचे डोळे लकाकले. खरं सांगते, माझेही. पोटात कावळे ओरडत होते आणि ताट दोन हातांवर होतं.

सासूबाई वळल्या. रागानं अजून लालच होत्या. "ती परकी कशी? माझ्या घरची हाय ती. परक्यानं लिवलं आसतं तर हसले आसते मी. घरच्यानं लिवलं म्हनून तर झोंबलं. ऱ्हाईल ती बी आमच्यासंगं उपाशी."

ही शिक्षा होती की मान, मला कळेना. पण भूक असतानाही मला इतका आनंद झाला की लाटणं तसंच टाकून मी लॅपटॉप आणायला पळाले.

ओट्यावर मांडी घालून बसले. पाठीमागं अख्खी भावकी वाकून बघायला लागली. इतक्या उपाशी माणसांच्या समोर मी आयुष्यात कधी अट लिहिली नव्हती.

"काय लिहू?" मी विचारलं.

"लिव, या."

"कुणाला या?"

"जो यील त्येला."

"किती वाजेपर्यंत?"

"हांडं संपंस्तवर."

वार नको, महिना नको, आणि-किंवा नको. जर जत्रा असेल तर सगळ्यांना या. मांजर काढून टाकली. 'आज आमच्या गावची जत्रा. पैसे घेत नाही. जेवून जा.' घाईघाईत पाठवलं तर सर्व्हरनं ते घ्यायलाच नकार दिला. ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला होता.

"आता काय झालं?" सासरे कळवळून म्हणाले.

"एक टिंब राहिलं."

"मग घाल की त्ये! का त्येलाबी निवद दावायचा?"

घातलं. गेलं. सगळे रस्त्याकडे बघत बसले, आणि थोड्याच वेळात फोन वाजला. लवासात पहारेकरी असलेला एक माणूस, बायकोला मोटरसायकलवरून पुण्याला घेऊन निघालेला. खाण्याचं बघायला साइट उघडली होती.

"मैडम, इसमें लिखा है पैसे नहीं लेते," तो म्हणाला. "ये फ्रॉड तो नहीं है?"

मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी फोन हिसकावला. "आव, आव! फ्रॉड-बिड कुछ न्हाई. पोळी गरम हाय. बाईको को बी लेके आव!"

पोळी गरम नव्हती. पण तो येईपर्यंत तवा पुन्हा चढला होता. दोघं बिचकत आत आले. त्यांना पाटावर बसवलं, ताटाभोवती रांगोळी काढली. पहारेकऱ्याच्या बायकोनं गुळवण्यात पोळी बुडवून पहिला घास घेतला आणि डोळे मिटले, आणि ओट्यावरून सासऱ्यांनी चक्क देवाच्या नावाचा जयजयकार केला. मग गाड्यांवर गाड्या आल्या. संध्याकाळपर्यंत अंगणात पंगती उठत होत्या, नवरा आणि त्याचे भाऊ पोळ्या वाढून वाढून घामाघूम झाले, आणि हंड्यांचा तळ दिसायला लागला.

शेवटच्या पंगतीला सासूबाई आणि मी दोघीच उरलो. त्यांनी माझ्या पोळीवर तूप सोडलं, मी "बास, बास" म्हणाले, त्यांनी ऐकलं नाही.

थोड्या वेळानं म्हणाल्या, "मगाशी माझ्या फोनात ती मांजर का दिसली न्हाई गं?"

मी सांगितलं. घरच्या वायफायवरून आलेल्याला मी कुठलीच अट लावलेली नाही. वार, महिना, जत्रा, काहीच नाही. ती ओळ सगळ्यांच्या वर आहे, म्हणून यंत्र तिथंच थांबतं.

"घरच्याला काय बी इचारायचं न्हाई?"

"नाही."

"आन् ती सगळ्यात वर?"

"सगळ्यात वर."

त्यांनी आमटीचा एक भुरका मारला. "मग ऱ्हाऊ दी ती," म्हणाल्या, आणि मला न विचारता शेवटची पोळी माझ्या ताटात टाकली.