चौघींत नाही, एकटीला

लातुरात शिकवणी वर्गांच्या गल्लीत केवळाबाईची मेस आहे. बाई मूळची भोकरकडची. बारा वर्षांपूर्वी नवऱ्यासोबत, शेषेरावांसोबत, इथं आली. स्वयंपाक तिचा, वसतिगृहातल्या पोरींना डबे पोचवायचं काम शेषेरावांचं. हाताला चव अशी, की पोरी बोटं चाटतात; आणि तोंडाचा पट्टा असा, की त्याच पोरी तिला पाहून वाट बदलतात.

परत आलेला डबा बाई कधी तसाच घासायला टाकत नाही. आधी उघडून बघते. वरण उरलं तर पोरीचं पोट बिघडलंय, पोळी उरली तर बाहेर वडापाव झालाय, असं तिचं शास्त्र. मग दुसऱ्या दिवशी ती पोर मेससमोरून जायचाच अवकाश, बाईनं तिला धरलीच म्हणून समजा.

अशीच एकदा नायगावची शिवांगी सापडली. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारी, अबोल पोर. चार मैत्रिणींसमोर बाईनं तिचा उद्धार केला. "बाप तिकडं उन्हात राबून राहिला, अन् तू हितं पोळ्या टाकून राहिली व्हय?" पोरीनं मान खाली घातली. संध्याकाळी बापाचा फोन आला.

"मावशी, तुम्ही डबा द्या. आमच्या लेकराला बोलायचं काम तुमचं न्हाई."

बाईला ते फार लागलं. तिनं तोंडात गुळणी धरली. डबे यायचे, बाई उघडायची, बघायची आणि गप झाकून ठेवायची. शेषेरावांना वाटलं, हिला बरं नाही. त्यात शिवांगीचा डबा तीन दिवस भरलेलाच परत आला. बाईचा जीव तुटत होता, पण हट्ट काही तुटेना.

चौथ्या दिवशी दुपारी बिलकीस मॅडम आपला डबा परत द्यायला आल्या. शिकवणी वर्गात त्या पोरींना इंग्रजी शिकवायच्या. ओट्यावरचा शिवांगीच्या नावाचा भरलेला डबा त्यांनी पाहिला.

"शिवांगीला काही विचारलं का?"

"म्या कशाला? बाप नको म्हनला."

मॅडम पाटावर टेकल्या. "आज वर्गात एक जुना शब्द शिकवला, चाइड. बोलण्यात आता फारसा येत नाही, पुस्तकात भेटतो. अर्थ रागावणं. पण चुकलेल्याला वाटेवर आणायला, मायेनं रागावणं. आई लेकराला चाइड करते, दुश्मन दुश्मनाला नाही करत. वाक्यात उपयोग करा म्हटलं, तर अर्ध्या वर्गानं तुमचंच नाव घातलं."

बाई खुलली. "म्हंजे म्या त्येच करते की!"

"रोज तेच करता. पण पोरी सांगत होत्या, त्या दिवशी शिवांगीला चौघींत बोललात, बापाचं नाव काढून. त्याला इंग्रजीत दुसरा शब्द आहे, बिरेट. त्यात माणसाचा पाणउतारा होतो."

केवळाबाईला ते झोंबलं, कारण ते खरं होतं. तिनं गरम भाकरी, पिठलं आणि कांदा डब्यात घातला आणि वसतिगृहाचे तीन जिने चढली. खोलीत शिवांगी एकटीच होती, शेजारी भरलेली बॅग. सराव परीक्षेत मार्क फार कमी पडले होते. संध्याकाळच्या गाडीनं पोर शिक्षण सोडून गावी निघाली होती. बाईनं दार लोटून घेतलं.

"त्या दिशी चौघींत बोलले, ते माझं चुकलं. आता एकटीला बोलते. एका परीक्षेनं घाबरलीस? तीन दिस उपाशी राहून कोनाच्या डोक्यात अक्षर शिरतंय गं? आधी जेव. मंग जायचंच असंल तर जा, म्या सोता गाडीत बसवते."

शिवांगी रडली, मग जेवायला बसली. दुसऱ्या भाकरीला म्हणाली, "मावशी, तुमी बोलायचं बंद केलं ना, तवा वाटलं, हितं आता आपलं कुनीच न्हाई."

बाईनं पदरानं डोळे पुसले आणि डब्यात डोकावून पाहिलं.

"अन् ह्यो कांदा कशापायी ठिवलास कडंला?"

शिवांगी हसली. कांदा तोंडात टाकून तिनं बॅगेची चेन उघडली आणि पुस्तकं बाहेर काढायला लागली.