पुराची रेघ नसलेलं गाव

टेम्पो चाळीच्या तोंडाशी उभा होता आणि अण्णा गाडीत बसायला तयार नव्हते. अण्णा म्हणजे माझे सासरे. पितळी तांब्या मांडीवर धरून ते ओट्यावरच बसून राहिलेले. मालतीकाकू, तुम्ही वरच्या माळ्यावरून दह्याची वाटी घेऊन उतरलात आणि आमच्या प्रत्येकाच्या हातावर दही घातलंत. अण्णांनी ते चाटलं आणि विजयला म्हणाले, "अरे, पाण्याची एवढी भीती वाटते तर वरच्या माळ्यावर खोली घे ना. डोंगरावर कशाला नेतोस मला?" आपण सगळे हसलो. विजयपण हसला, आणि बापाच्या काखेत हात घालून त्याने त्यांना पुढच्या सीटवर बसवलं.

चाळीच्या ग्रुपवर तुम्ही सगळे सारखं विचारताय, मुरबाड तालुका कसा आहे, आम्हीपण तिकडे जागा बघू का. म्हणून लिहितेय. फोनवर सांगायला गेलं की मला रडू येतं, आणि रडणाऱ्या बाईचं कुणी धड ऐकत नाही.

तो पूर तुम्हाला काय सांगायचा! आपल्या तळमजल्याच्या खोल्यांत खाडी शिरली, अण्णा पोटमाळ्यावर अडकले, आणि वरच्या माळ्यावरच्या पोरांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून छातीएवढ्या पाण्यातून जिन्यापर्यंत आणलं. पाणी ओसरलं, पण भिंतीवर रेघ राहिली. किती रंग मारले, ती आपली पुन्हा वर यायची.

त्या रेघेने विजयचं डोकं फिरवलं. वागळे इस्टेटमधून कामावरून आला की तिच्यासमोर चहा घेऊन बसायचा. पुन्हा असं झालं तर? वीज गेली, गाड्या बंद, दूध नाही, मग खायचं काय? अण्णांना पुन्हा कोण उचलणार? शेवटी त्याने मुदतीआधीच नोकरी सोडायचं ठरवलं आणि पावसाळ्यातल्या प्रत्येक रविवारी आम्ही रेनकोट चढवून बाइकवर निघायला लागलो. शहापूर झालं, वाडा झालं. गावात शिरलो की हा पहिल्यांदा भिंती बघायचा. देवळाची भिंत, शाळेची भिंत, कुणाच्याही घराची भिंत. पुराची रेघ शोधायचा हो! म्हाताऱ्या माणसांना विचारायचा, पाणी कुठवर चढतं? लोक आमच्याकडे बघत राहायचे.

मुरबाडच्या या पठारावर एकाही भिंतीवर रेघ नव्हती. पाऊस कोसळत होता आणि पायाखाली पाणी साचत नव्हतं, सगळं उतारावरून वाहून जात होतं. विहीर अशी भरलेली, की वाकून हाताने तांब्या बुडवावा. विजयचा चेहरा मी तसा कित्येक वर्षांत बघितला नव्हता. "नंदा, जगात काहीही होऊ दे, इथे आपण जगू." मलाही पटलं, खोटं कशाला बोलू.

चूक झाली ती तिथेच. आपण पूर बघितलेली माणसं, जमीन बघायची तर पावसातच बघायची, पाणी कुठे साचतं एवढंच बघायचं. हे धो धो वाहून जाणारं पाणी एप्रिलमध्ये कुठे असतं, हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

पहिले महिने छान गेले. घरचा तांदूळ, घरची भाजी, एक म्हैस, छपरावर सोलर. होळीपर्यंत विहीर तळाला गेली, आणि पुढे तर बादली घासल्याचा नुसता आवाज यायचा. कोठीत धान्य, बॅटरी फुल, पंप कोरा करकरीत, आणि विहिरीत चिखल! असा संताप व्हायचा ना माझा. पाड्यावरच्या बायका पहाटे ओढ्याच्या वाळूत खड्डा करून पाझरलेलं पाणी वाटीवाटीने हंड्यात भरतात. मीही त्यांच्यात जाऊन बसायला लागले. त्यांच्यातली सखूबाई स्वतःचा नंबर सोडून मला म्हणायची, "तुजा म्हातारा हाय ना घरात, तू भर आदी." टँकर यायचा तेव्हा यायचा.

घरात पाणी बेताने वापरायचं ठरलं. चाळीत असताना अण्णांचं दिवसभर चालायचं, नंदा पाणी दे गं, नंदा तांब्या भर गं. तुम्हाला वरपर्यंत ऐकू जायचं. मी वैतागून "आले हो!" म्हणून ओरडायचे, तेही ऐकू जायचं. इथे त्यांनी एकदाही हाक मारली नाही. कधीही बघावं तर तांब्या भरलेलाच. मला वाटायचं, आत्ताच भरून घेतलाय.

मे महिन्यात एका दुपारी ते विजयला आपल्या वारलेल्या भावाच्या नावाने हाका मारायला लागले. ओठ फुटलेले, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. पाड्यावरच्या माणसांनी झोळी करून त्यांना खाली रस्त्यापर्यंत नेलं, तिथून जीपने कल्याण गाठलं. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी पीत नव्हते का हे?"

वॉर्डमध्ये त्यांना एकदा चांगली शुद्ध आली. माझा हात धरून हळूच म्हणाले, "मी रात्री तांब्या तसाच परत माठात ओतायचो गं. एवढ्या लांबून आणतेस तू. कुठल्या तोंडाने मागू?" किडन्या थांबल्या होत्या. त्यातच ते गेले.

त्यांना नेलं ते आपल्या चाळीतूनच. खांदा द्यायला तीच पोरं होती, खुर्ची उचलणारी. पुरातून वाचवलेला माणूस आम्ही उन्हाळ्यात घालवला. घालवलाच म्हणायचं, दुसरं काय!

आता पुन्हा पाऊस लागलाय. विहीर काठोकाठ आहे. आपल्या गल्लीत गुडघाभर पाणी, असे व्हिडिओ तुम्ही टाकता आणि खाली लिहिता, सुटलात बाई तुम्ही. विजय पावसात भिजत पाणी साठवायला तळं खणतो. परत जाऊ या म्हटलं तर म्हणतो, "आता गेलो तर अण्णा फुकट गेले." मला आता घर म्हटलं की ना हे पठार आठवतं ना ती चाळीतली खोली. कुणीतरी हक्काने पाणी मागतंय आणि मी चिडून का होईना, उठतेय, तेवढंच आठवतं.

तर तालुका कसा आहे, विचारता? पावसात येऊ नका, पावसात सगळंच छान दिसतं. मे महिन्यात या. अण्णांच्या खाटेवर झोपा, त्यांचा तांब्या उशाशी असेल. आणि तहान लागली ना, तर मोठ्याने हाक मारून मागा.