जांभळा ठिपका

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, गोल गोल लिहिणं मला जमत नाही – तरी या गोष्टीपाशी यायला वेळ लागतोय खरा.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी ठाकुर्लीहून मानपाड्याला एका लहान कारखान्यात जायचे. तिथे कॉम्प्युटरची ग्राफिक्स कार्डं बनायची. पडद्यावर चित्र उमटतं ते या हिरव्या पाटीमुळे. आम्ही बायका तिच्यावर सुटे भाग सोल्डर करायचो, म्हणजे कथलाने झाळायचो. कुठलं कार्ड कोणी केलं ते कळावं म्हणून प्रत्येकीने कोपऱ्यात आपल्या रंगाच्या नेलपेंटचा ठिपका द्यायचा. माझा गुलाबी, शेजारच्या सुलोचनाचा जांभळा. सुलोचना कोपरीची, कोळ्यांची. म्हणायची, "आपली नखा काली न् या पाट्यांचा नट्टापट्टा बघ गो बाय!"

मी दुपारनंतर टेस्टिंगलाही बसायचे. साहेब कार्डाचा वेग ठरलेल्यापेक्षा वाढवून विकायचे, गिऱ्हाइकाला तसंच हवं असायचं. ओव्हरक्लॉकिंग म्हणायचे त्याला. वाढवलेल्या वेगावर तासभर चित्र फिरवायचं, पडद्यावर ठिपके-पट्टे आले की कार्ड नापास. पुढच्या महिन्यापासून ती खुर्ची मला कायमची मिळणार होती. सोल्डरच्या धुरातून सुटका.

मग साहेबांनी नवा बोर्ड, म्हणजे ती हिरवी पाटी, आखला. लहान, स्वस्त. तांब्याच्या रेघा बारीक, आणि वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर मुख्य चिपपासून लांब, पार कडेला. वेग वाढला की चिपला वीज एकदम लागते. जवळच्या कपॅसिटरमधून ती चटकन मिळते. चुलीपाशी हंडा असला तर पाणी लगेच हाताशी – हंडा अंगणात ठेवलात तर? पण हे मला नंतर कळलं. नंतर कळलं म्हणून काय झालं? त्या दिवशी जे केलं ते केलंच.

नव्या बोर्डाची पहिली कार्डं आम्हा दोघींनीच केली. साध्या वेगाला सगळी चालली. वेग वाढवल्यावर सात नापास. साहेब म्हणाले, बोर्ड बरोबर आहे, सोल्डरिंग कच्चं आहे. उद्या सकाळी रंग बघू.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी रंग पाहिले. तीन जांभळी, चार गुलाबी.

दोघींचीही कार्डं पडली, म्हणजे दोष हाताचा नाही, पाटीचा – एवढं चौथी शिकलेल्या बाईलाही कळतं. मला कळलं होतं का? थोडं कळलं होतं. पण डोळ्यांपुढे खुर्ची होती. थिनरची चिंधी हाताशीच होती. चारही गुलाबी ठिपके मी पुसले. सुलोचनाची बाटली तिच्या टेबलावर उघडीच होती, सगळ्यांच्याच असायच्या. चार जांभळे ठिपके दिले, वाळेपर्यंत फुंकर मारली.

सकाळी साहेबांनी सातही कार्डं तिच्यापुढे टाकली. तिने एकेक उलटून पाहिलं. चार बाजूला काढली. "ही माजी नाय, साहेब. माजी झाल मी वलखतंय." साहेब हसले. मग ती माझ्याकडे वळली. "बाय, तू सांग. तू बसतेस ना माज्या बाजूला."

मी म्हणाले, "रंग तर तुझाच आहे."

त्याच दिवशी तिला काढलं. तिच्या घरात कमावणारी ती एकटीच होती. माझ्या घरी नवऱ्याचा पगार होता, माझी नोकरी गेली असती तरी चूल पेटली असती.

पुढच्या खेपेला सगळ्याच बायकांची कार्डं पडली. साहेबांनी गुपचूप बोर्ड बदलला – रेघा जाड केल्या, कपॅसिटर चिपला खेटून बसवले. तेच हात, तेच सोल्डर, आणि कार्डं वाढवलेल्या वेगावर तासतासभर चालली. टेस्टिंगच्या खुर्चीत बसून मीच ती पास केली. सुलोचनाला परत बोलवा असं कोणी म्हणालं नाही. मीही नाही. कोपरीचं तिचं घर मला ठाऊक होतं, दोनदा जेवले होते तिथे. गेले नाही.

त्या खुर्चीवर मी सहा वर्षं बसले. ती चार कार्डं माझी होती.