कुणी न नेलेली रिग

पेट्रोल महागलं की सगळा महाराष्ट्र बोटं मोडायचा आणि इकडे परदेशात, मरीन परेडमध्ये, आम्ही दोघं मित्र खूश व्हायचो. वडील फोनवर पंपावरचा भाव सांगून उसासे टाकायचे, मी तोंडदेखलं "हो ना" म्हणायचो. तेल महाग म्हणजे समुद्रात नव्या विहिरी, विहिरी खणायला रिग, आणि रिग बांधणाऱ्या यार्डात आमच्या नोकऱ्या! मी प्लॅनिंगमध्ये, तो प्रत्यक्ष रिगवर.

मित्र नागपूरचा, माझ्याहून मोठा. त्याची बायको माझी वहिनी. मी तेव्हा सडाफटिंग. दर रविवारी त्यांच्या फ्लॅटवर बुद्धवंदना व्हायची, मग वांग्याचा झणझणीत रस्सा आणि भाकरी. खाऊन तिथेच सोफ्यावर आडवं व्हायचं. काय दिवस होते ते! तसं घर मला इथे पुन्हा मिळालं नाही.

आमची एक रीत होती. तयार रिग टगबोटी ओढून नेणार असल्या की वहिनी पुरणपोळ्या करायच्या आणि आम्ही डबे घेऊन ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर जायचो. लेक सासरी निघाल्यासारखे हात हलवायचो. मित्राची मुलगी इथल्या पोरांच्या ढंगात ओरडायची, "बाबा, शी इज गोइंग लाह!"

मग तेलाचे भाव कोसळले. एका गुरुवारी मीटिंगमध्ये मला कळलं, की तयार झालेली रिग घ्यायला गिऱ्हाईकाने नकार दिलाय. रविवारी ती निघणार होती, पण नुसती दूर नांगरून ठेवायला. मित्राची नोकरी त्या रिगवर अवलंबून होती. त्याला पुण्याहून दुसरी नोकरी आली होती आणि सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

रविवारी किनाऱ्यावर त्याने विचारलं, "काय रे, घेऊ का पुण्याची नोकरी?"

"कशाला? रिग तर निघाली की," मी म्हणालो.

मीटिंगमधलं बाहेर बोलायचं नाही, ही सबब होतीच. पण खरं सांगायचं तर ते गेले असते तर माझे रविवार गेले असते, म्हणून मी मूग गिळून बसलो. त्याने पुण्याला नकार कळवला. तीन महिन्यांत त्याची नोकरी गेली आणि इथे राहायचा पासही रद्द झाला. माझा राहिला. नागपुरात तो वर्षभर घरी बसला आणि वहिनींनी शिकवण्या घेऊन घर चालवलं.

आता पुन्हा विहिरी वाढल्यात. यार्डात भरती चालू आहे, आमच्या लिफ्टमध्ये नवी मराठी पोरं भेटतात. त्यांचं हसणं ऐकून मला राहवेना. गेल्या आठवड्यात नागपूरला फोन लावला. वहिनींनी उचलला आणि मी सगळं सांगून टाकलं.



"सांगितलं असतं तरी ह्यांनी ऐकलं नसतं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "ह्यांनाही तिथून हलायचं नव्हतं. पण तुम्ही सांगायला हवं होतं."