निळ्या टोपीचा कोळी

काशिराम नाखवांना फ्रेमवाला म्हटलेलं आवडत नाही. पनवेलच्या बाजारातल्या हातभर दुकानात ते देवांना, दिवंगतांना आणि पहिल्या नंबरांना चौकटी घालतात, पण विचारलंत तर सांगतील, "आमी रंगारी." रंगीत फोटो यायच्या आधी ते एका स्टुडिओत काळ्यापांढऱ्या फोटोंवर हाताने रंग भरायचे. नवरीचा गळा ओका दिसला की पदरचा रंग खर्चून बोरमाळ घालायचे. अर्ध्या तालुक्याच्या आज्या त्यांनीच सोन्याने मढवल्या आहेत.

त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा फोटो दुकानात समोरच टांगलेला असायचा, कामाचा नमुना म्हणून. नवरी हिरव्यागार लुगड्यात. ती नवरी म्हणजे गोदूबाई. दोन गल्ल्या सोडून मासळीबाजारात बसते, पण पंचेचाळीस वर्षांत या दुकानाची पायरी चढली नव्हती. का, ते तिने मला पापलेट कापता कापता सांगितलं होतं. लुगडं जांभळं होतं. तेवढ्यासाठी तिचा बाप लाँचने मुंबईला गेला होता आणि त्याच वर्षी तो वारला. "माज्या बापाचं लुगडं ह्यांनी पुसलं," ती म्हणाली आणि पापलेटचं डोकं एका घावात उडवलं.

मला वेड आहे जुन्या विलायती चित्रांचं. दीड-दोनशे वर्षांपूर्वी छापून मग हाताने रंगवलेले देशोदेशीचे शिपाई, त्यांचे तुरे, त्यांचे डगले. रोडपालीच्या माझ्या दोन खोल्यांत ही पलटण भिंतीवर उभी आहे आणि बायको तिच्याकडे बघून जळफळते. चौकट घालण्याआधी काशिराम प्रत्येक शिपायाची झडती घेतात. एका स्कॉटिश शिपायाला बघून म्हणाले, "यो परकर नेसून लढाईला गेला? वारा सुटला का काय करायचा?"

गेल्या महिन्यात मी मोठ्या ऐटीत 'मुंबईचा कोळी आणि त्याची बायको' हे तसलंच चित्र घेऊन गेलो. म्हटलं, म्हातारा स्वतः कोळी, खूश होईल. काशिरामांनी चष्मा नाकावर ओढला आणि त्यांचं तोंड आंबलं.

"टोपी निळी?"

"असेल."

"असंल कशी? कोळ्याची टोपी लाल. आन ही बाई बगा, लुगडं पायघोळ! अशी चिखलात उतरली तर मासळीआधी हीच जाळ्यात गावंल. ठेवून जा. लाल करून देतो."

जुन्या चित्राला नवा ब्रश लागला की ते चित्र मेलं. मी सांगितलं, की रंगवणाऱ्यांनी कोळी कधी पाहिलाच नव्हता. टेबलाभोवती बसून, म्हणे, एक जण टोप्या रंगवायचा, एक जण कोट. चूक असली तरी ती त्यांची, जुनी. काशिराम ऐकेनात. "चूक दिसली का माजा हात शिवशिवतो." मग माझाही तोल गेला.

"त्या बिचाऱ्याने कोळीण पाहिली नव्हती, काशिरामशेठ! तुम्ही तर शेजारी उभे होतात. मग हिरवं कसं केलंत?"

बोलून गेलो आणि जीभ चावली. काशिराम फोटोकडे बघत म्हणाले, "नवरी म्हंजे हिरवा, स्टुडिओत तसंच शिकवलेलं. आन मी लाजत होतो. वर बगितलंच नाय." त्यानंतर चित्र परत मागायची मलाच लाज वाटली. आठ दिवस मला स्वप्नात लाल टोप्या दिसत होत्या.

नवव्या दिवशी गेलो. चित्र चौकटीत होतं. टोपी निळी. मी देवाचे आभार मानले, मग आजूबाजूला पाहिलं.

पायरीवर मासळीची पाटी होती आणि आत गिऱ्हाइकाच्या स्टुलावर गोदूबाई. काशिराम, म्हणे, भर मासळीबाजारात जाऊन तिला विचारून आले होते, "जांभळं म्हंजे कसलं? जांभळासारखं का वांग्यासारखं?" अख्खा बाजार हसला होता. हिचं उत्तर, "वांग्यासारखं." पुढचा आठवडा त्यांनी कापसाच्या बोळ्याने हिरवा उतरवून वांगी रंग चढवण्यात घालवला. कडेला थोडी हिरवी झाक राहिलीच होती.

गोदूबाईने फोटो हात लांब करून धरला होता. डोळे भरले होते. मला वाटलं, आपण निघावं.

"पदरावं बुट्टे होते," ती म्हणाली. "बारीक. पांढरे."

"किती?"

"बसा, सांगते."

काशिरामांनी पांढरा रंग काढला, ब्रश ओला केला, आणि फोटोला टेकवायच्या आधी वर मान करून तिच्याकडे नीट बघितलं.