कुंपण सॉसेजचं नसतं

जगात अशी एकही अडचण नाही, जिच्यावर आमच्या शेजारच्या मामांकडे हंगेरीतलं एखादं डुक्कर निघणार नाही. कुणाची नोकरी जावो, कुणाचं लग्न ठरो, नाहीतर डिशवॉशर तुंबो. मामा डोळे मिटतात, उजव्या हाताचं बोट वर करतात, आधी हंगेरियनमध्ये काहीतरी खडखडाट करतात, मग त्याचं मराठी करतात आणि शेवटी, समोरचा गाढव आहे असं गृहीत धरून, अर्थ सांगतात. तरुणपणी कंपनीने त्यांना चार वर्षं बुडापेस्टच्या कारखान्यात पाठवलं होतं. लोक परदेशातून कॅमेरे आणायचे, सेंटच्या बाटल्या आणायचे. मामांनी म्हणी आणल्या. बरं, माणूस सांगलीचा, कट्टर शाकाहारी. केकमध्ये अंडं आहे का, याची चौकशी झाल्याशिवाय नातवाला मेणबत्तीसुद्धा विझवू देत नाही. आणि तोंडात मात्र सदानकदा डुक्कर, बेकन नि सॉसेज! चार वर्षं त्यांनी बटाटे आणि पावावर काढली, तेव्हा जे खाल्लं नाही ते आता बोलून दाखवतात, असं माझी बायको म्हणते.

अमेरिकेत अ‍ॅशबर्नमध्ये आमचं आणि त्यांच्या लेकीचं, अनघाचं, टाउनहाउस भिंतीला भिंत लावून. मामी गेल्यावर अनघाने त्यांना इकडे आणलं, त्याला पाच वर्षं झाली. पहिल्या भेटीत मी त्यांना अमेरिका समजावून सांगायला गेलो होतो. नवीनच घर घेतलेलं, अंगात मस्ती होती. रस्ते कसे, शाळा कशा, लायब्ररी कशी, असं माझं अर्धा तास चाललं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं, बोट वर केलं आणि म्हणाले, "कुंपण इथेही सॉसेजचं नसतं." हंगेरीतल्या शेतकऱ्याला म्हणे वाटायचं, की दूर कुठेतरी असा श्रीमंत मुलुख असेल, जिथे कुंपणंसुद्धा सॉसेजची असतील. तसा मुलुख कुठेच नसतो, हा त्यातला अर्थ. मी माझ्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या कुंपणाकडे बघत राहिलो. त्याच्या उंचीची परवानगी सोसायटीकडून मिळवायला मला तीन महिने लागले होते.

तेव्हापासून आमची सुटका नाही. एका सत्यनारायणाला कथा लांबली आणि मंडळी स्वयंपाकघराकडे माना वळवू लागली, तेव्हा मामा भर पूजेत म्हणाले, "भुकेल्या डुकराला ओकची फळं स्वप्नात दिसतात." यजमानांनी पुढचे दोन महिने त्यांच्याशी अबोला धरला. दुकानाच्या पार्किंगमध्ये माझ्या नव्याकोऱ्या गाडीचं दार चेपलं, तर म्हणे, "मोहाचला याहून जास्त गेलं होतं." मोहाच म्हणजे हंगेरीचं पानिपत, पाचशे वर्षांपूर्वी तिथे त्यांचा राजा पडला, राज्य बुडालं. आता माझ्या दाराला त्याचा काय उपयोग? आणि सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आले, त्याच्या बरोबर तिसऱ्या दिवशी मामा चहाला येऊन बसले आणि त्यांच्याकडे प्रेमाने बघत म्हणाले, "पाहुणा आणि मासा, तिसऱ्या दिवशी दोघांनाही वास येतो." तेव्हापासून मामांचं नाव काढलं, की सासूबाई कपाळाला आठ्या घालू लागल्या. आमच्या मराठी मंडळाने मात्र त्यांना डोक्यावर घेतलं. एरवी मराठी म्हण अडली की फोनवर शोधणारे लोक, पण गणपतीच्या मीटिंगमध्ये "कुत्र्याचं बेकन होत नाही", म्हणजे मूळ स्वभाव बदलत नाही, असं छातीठोकपणे बोलायला लागले.

खोटं कशाला सांगू, माझं त्यांनी भलं केलं. तीन वर्षं मी प्रमोशनची वाट बघत होतो आणि मॅनेजरसमोर गेलो की हवापाण्यावर बोलून परत येत होतो. शेवटी मामा कडाडले, "मुक्या पोराचं बोलणं आईलाही कळत नाही! जा, तोंड उघड." गेलो, उघडलं, आणि मिळालं की हो! मामांनी ही गोष्ट एवढ्या घरांत सांगितली, की प्रमोशन त्यांनाच मिळालं असा काहींचा समज झाला.

मग गेल्या वर्षी अनघाला टेक्सासमध्ये, अर्विंगला नोकरी लागली. घर विकायला काढलं. एका शनिवारी ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि रडायलाच लागली. "दादा, बाबांसाठी मी पुण्यात जागा बघितलीय. सीनियर लोकांचं कॉम्प्लेक्स आहे, छान आहे. त्यांना इथे आवडतच नाही रे. रोज ऐकतेय मी, कुंपण सॉसेजचं नसतं, पाहुणा आणि मासा. किती दिवस त्यांना माझ्यासाठी अडकवून ठेवू?"

"त्यांना सरळ विचारलंस का?"

"विचारलं ना! 'हळू चाल, लांब पोचशील,' म्हणाले. याचं मी काय समजू, यार?"

मी तडक शेजारी गेलो. मामा स्वेटरच्या घड्या घालत बसले होते. "मामा, खरंच जायचंय तुम्हाला?" ते म्हणाले, "पोरीचा संसार आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत. हंगेरीतही अगदी हेच म्हणतात." बोट वर गेलं नाही. हंगेरियन खडखडाट नाही, अर्थ नाही. त्याच स्वेटरची त्यांनी तिसऱ्यांदा घडी घातली. हा माणूस घाबरला होता. मला रागही आला. "माझ्या प्रमोशनच्या वेळी मोठी मुक्या पोराची म्हण ऐकवलीत! आता तुमचं तोंड कोण उघडणार?" मामा स्वेटर उलगडून पुन्हा त्याची घडी घालू लागले.

निरोपाचा पॉटलक, घरोघरून एकेक पदार्थ आणून, अनघाच्याच घरी झाला, खोक्यांवर ताटं मांडून. मामांचं पुण्याचं तिकीट काढलेलं होतं. गुलाबजाम संपल्यावर सगळ्यांनी गलका केला, "मामा, जाता जाता एक म्हण होऊन जाऊ दे!" मामा उभे राहिले. डोळे मिटले, बोट वर केलं. आम्ही वाट बघतोय. ओठ हलले, पण खडखडाट काही बाहेर येईना. मग बोट हळूहळू खाली आलं, डोळे उघडले आणि ते अनघाकडे बघून म्हणाले, "अनू, मला जायचं नाहीये गं. मला तुझ्याजवळ राहायचंय."

तेवढ्यात मंडळाच्या एका उत्साही गृहस्थांनी टाळी वाजवली आणि विचारलं, "वा! आणि याचा अर्थ काय, मामा?"

अनघाला अर्थ सांगावा लागला नाही. तिने हातातली ताटली तशीच खोक्यावर टाकली आणि बापाच्या गळ्यात पडली. "मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत, बाबा?" मामा तिच्या डोक्यावर थोपटत म्हणाले, "मला वाटलं, तुला कळतं." तिकीट त्याच बैठकीत कॅन्सल केलं.

आता ते अर्विंगला असतात. दर रविवारी मी फोन करतो, आणि काय सांगू, मामा सुधारलेत. चक्क सरळ बोलतात! गुडघा दुखतोय. अनू आज लवकर आली. गरम फार होतंय. असली वाक्यं ऐकली की माझी चिडचिड होते. शेजारच्या घरात एक सज्जन कुटुंब आलंय, जाता-येता हात हलवतात आणि दार लावून घेतात. माझ्या गाडीला परवा पुन्हा पोचा पडला, तर मोहाचची आठवण करून द्यायला कुणी आलं नाही. सत्यनारायण हल्ली वेळेत संपतात.

गेल्या रविवारी हवापाणी झालं, गुडघा झाला, आणि मामा म्हणाले, "बरं, ठेवू का?" मी हो म्हणणारच होतो. पण कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "मामा, तुमच्याशिवाय इथे करमत नाही हो."

पलीकडून घसा खाकरल्याचं ऐकू आलं आणि मला पक्कं कळलं, की तिकडे टेक्सासमध्ये बोट वर गेलंय.

"अरे," मामा म्हणाले, "कुंपण इथेही सॉसेजचं नसतं."

अर्थ मात्र त्यांनी सांगितला नाही.