खुशालरावांच्या पेट्या

खुशालराव इंगोले आमचे शेजारी. अकोल्यात कौलखेडला आमच्या दोन घरांमध्ये कुंपणाची एकच भिंत आहे आणि तिला लहानसं फाटक आहे. ते मूळचे वलगावचे. अमरावतीला आयटीआय केलं, एमआयडीसीतल्या एका सोयाबीन तेलाच्या कारखान्यात लागले आणि तिथेच निवृत्तीला आले. गल्लीत त्यांना सगळे मीटरवाले म्हणत. कुणाचं विजेचं बिल वाढलं की ते घेऊन लोक त्यांच्या दारात उभे राहत, आणि खुशालराव दरवेळी सांगत, "बाप्पा, ते मीटर वेगळं, माहं मीटर वेगळं." तरी बिल हातात घेऊन वाचून देत.

त्यांची मीटरं कारखान्यातली. वाफेचा दाब, तेलाचं तापमान, बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी मोजणारी. पूर्वी प्रत्येक मीटरची स्वतंत्र तार कंट्रोल रूमपर्यंत जायची. पुढे डिजिटल यंत्रणा आली. आता एकाच केबलवर दहा-बारा मीटरं असतात आणि ती पाळीपाळीनं आपापला आकडा सांगतात. मला हे कळेना, तेव्हा त्यांनी माझ्या अंगणातली कपड्यांची दोरी दाखवली. "वयनी, दोरी एक, कपडे लय. एका खुंटीले ढिली झाली की सारंच लुगडं मातीत."

केबलला जिथे फाटे फुटतात तिथे एक धातूची पेटी असते. आत तारा स्क्रूनं आवळलेल्या, वर रबर लावलेलं घट्ट झाकण. या पेट्यांवर खुशालरावांचा फार जीव. खंडेनवमीला ते कारखान्यातली एकूण एक पेटी उघडत, ब्रशनं झटकत, स्क्रू पुन्हा आवळत. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, बाकीचे लोक मोटारींना आणि पंपांना हार घालत. खुशालराव प्रत्येक पेटीच्या आत आपट्याचं एक पान ठेवत आणि झाकण लावत. हे त्यांना त्यांचे उस्ताद पंजाबराव यांनी शिकवलं होतं. बाहेर ठेवलेलं पान वाऱ्यानं जातं, आतलं वर्षभर राहतं, असं म्हणत. नव्या मुलांनाही त्यांनी तेच शिकवलं. वर्षातून एकदा सगळ्या पेट्या उघडून पाहणारा माणूस म्हणून साहेब लोक त्यांचं नाव घेत.

मागच्या पावसाळ्यानंतर, दसऱ्याच्या थोडं आधी, कारखान्यात एक नवं यंत्र बसलं. पौर्णिमा काळमेघ नावाची तरुण इंजिनीअर तिथे या विभागाची प्रमुख आहे. तिनंच ते मागवलं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटात झालेलं, म्हणून खुशालराव त्याचं इंग्रजी पुस्तक घेऊन माझ्याकडे आले. रोज संध्याकाळी थोडं थोडं वाचून मी त्यांना मराठीत सांगत असे. ते यंत्र मीटरांचे आकडे बघत नाही, मीटरांना जोडणाऱ्या तारेची तब्येत बघतं. वीज पुरेशी पोचते का, मध्ये खरखर आहे का, कुठल्या मीटरला आपलं बोलणं पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कुठे ओल लागून वीज झिरपते. आणि हे सगळं ते साठवून ठेवतं.

त्या पुस्तकात एक वाक्य होतं, की जे ठीक चाललं आहे ते उघडू नये. मी ते वाचलं तेव्हा खुशालराव हसले. "लिहिणाऱ्यानं आपल्या इकडची धूळ पाह्यली नसंल."

यंत्र बसलं, पण सुरुवातीला ते इतक्या बारीकसारीक सूचना देऊ लागलं की कंट्रोल रूममध्ये पॅनेलवर बसणारी मुलं वैतागली. त्याचा आवाज बंद करून ठेवला गेला. कोणत्या सूचना ऐकायच्या आणि कोणत्या सोडायच्या हे पौर्णिमा आणि खुशालराव बसून ठरवणार होते, पण सोयाबीनचा हंगाम सुरू झाला आणि ते राहून गेलं.

पौषातल्या एका थंड सकाळी बॉयलरच्या ड्रमच्या पातळीचा आकडा पडद्यावर थिजला. आकडा सांगत होता पाणी पुरेसं आहे, आणि खरं पाणी खाली खाली जात होतं. शेवटी पाण्यावर तरंगणाऱ्या दुसऱ्या एका फ्लोटनं आग बंद केली, पण उशिरा. कुणाला इजा झाली नाही. आतल्या नळ्या मात्र भाजून वाकल्या आणि ऐन हंगामात कारखाना बंद पडला.

त्या वेळी पॅनेलवर अश्विन सिरसाट होता. पोस्टमनच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या धर्मपाल सिरसाटांचा हा मुलगा. कामाला चोख, बोलायला तोडून. दसऱ्याला तो दरवर्षी रजा घेऊन वडिलांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर जातो, त्यामुळे कारखान्यातल्या पूजेला तो कधी नसतो. अपघातानंतर काहीजण हेही हळू आवाजात बोलले, असं मला जमुनाबाईंनी सांगितलं. जमुनाबाई म्हणजे खुशालरावांच्या पत्नी.

चौकशीत निघालं, की मीटरशी संपर्क तुटल्याचा इशारा पडद्यावर आला होता आणि अश्विननं बटण दाबून तो गप्प केला होता. अश्विन म्हणाला, हा इशारा रोज सकाळी येतो आणि ऊन चढलं की जातो. सगळ्याच पाळ्यांची माणसं तो गप्प करतात. आणि आपण खुशालकाकांना दोनदा सांगितलं होतं, असंही तो म्हणाला.

मॅनेजरांनी खुशालरावांना विचारलं, "इंगोले, यानं तुम्हाला सांगितलं होतं?"

खुशालराव म्हणाले, "ध्यानात नाही साहेब."

अश्विनला घरी बसवलं. चौकशी पूर्ण झाली की नोकरी जाणार हे सगळ्यांना कळत होतं. खुशालरावांना निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते आणि नंतरही मुलांना शिकवायला या, असं कारखान्यानं त्यांना सांगितलं होतं.

बॉयलर दुरुस्त होऊन पुन्हा पेटल्यावर पौर्णिमानं त्या नव्या यंत्रातली साठवण उघडून पाहिली. ड्रमजवळच्या एका पेटीत रोज सकाळी वीज झिरपत होती आणि दुपारी थांबत होती. दसऱ्याच्या आधी त्या जागी काहीच नव्हतं. तिनं खुशालरावांना ती पेटी बघून यायला सांगितलं.

त्या संध्याकाळी ते फाटकातून आले ते पुस्तक न घेता. मी चहा ठेवला. ते ओट्यावर बसले आणि खिशातून कागदाची पुडी काढून माझ्यापुढे उघडली. आत आपट्याचं काळं पडलेलं पान होतं.

"देठ झाकणाच्या रबरात अडकला होता वयनी. झाकण बसलंच नव्हतं. तिथं वाफ असते. रातभर वाफ आत जाये, थंडीनं पाणी होये, आन ऊन पडलं की वाळे."

"पेटी तुम्हीच लावली होती?"

"मीच. ड्रमची पेटी मी पोरांच्या हाती देत नाही."

मी विचारलं, "आणि अश्विननं सांगितलं होतं?"

त्यांनी पुडी मिटून खिशात ठेवली. मग म्हणाले, "दोनदा. पहिल्या डावात मी त्याले म्हटलं, पेट्या मी माह्या हातानं आवळल्या, तू तुहा पडदा पुस. दुसऱ्या डावात म्हटलं, दसऱ्याले हजर नसते त्यानं पेट्यायच्या गोष्टी करू नये. पोरं हासले. तो गेला निघून."

तेवढ्यात जमुनाबाई फाटकातून आल्या. त्यांना घरी सगळं कळलं होतं. त्या बसल्याही नाहीत.

"पान खिशात कोन पाह्यलं? कोनी नाही. पेटी सुकली, मीटर चालू झालं. ओल आली म्हना. पावसापान्याची ओल कोनाच्या बापाची नसते."

"ओल म्हटली तर पोरगा सुटत नाही ना जमुना. त्याच्यावर ठपका आहे बटन दाबल्याचा. त्यानं सांगतलं होतं, हे माह्याशिवाय कोन बोलंल?"

"मंग त्या दिवशी काहून नाही बोलले? आता बोलसान तर दोन्ही गोष्टी बोला लागतीन. पानाचीही अन् खोटं बोलल्याचीही."

"बोलीन."

"एवढ्या वर्साचं नाव आहे तुमचं."

"तेच तर नाव सांगून त्याले हाकललं मी."

जमुनाबाई माझ्याकडे वळल्या. "तुमी सांगा यायले, वयनी. तुमचं ऐकतात."

कारखान्यात काय सांगायचं ते खुशालरावांचं ठरलेलं दिसत होतं आणि जमुनाबाईंनाही ते दिसत होतं. त्या पदरानं डोळे पुसत परत गेल्या. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी ते आधी पौर्णिमाकडे गेले. पान तिच्या टेबलावर ठेवलं. ती रागावेल असं त्यांना वाटलं होतं. तिनं पान उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "काका, मीही दसऱ्याला तिथं उभी होते. तुम्ही पान ठेवत होता आणि मी फोटो काढत होते." मग दोघं मिळून मॅनेजरांकडे गेले. तिथे खुशालरावांनी पानाचं सांगितलं, अश्विननं दोनदा सांगितल्याचं सांगितलं, आपण त्याला काय उत्तर दिलं तेही शब्दशः सांगितलं, आणि चौकशीत 'ध्यानात नाही' म्हणालो ते खोटं होतं, हेही. पौर्णिमानं यंत्रातली आणि पडद्यावरच्या इशाऱ्यांची नोंद दाखवली. इशारा रोज सकाळी आला होता आणि पॅनेलवर जो असेल त्यानं तो रोज गप्प केला होता.

नंतर पौर्णिमानं सगळ्या पेट्यांची स्थिती त्या यंत्रावर तपासली. जवळजवळ सगळ्या बऱ्या होत्या. ज्या थोड्या बिघडत चालल्या होत्या, तेवढ्याच उघडल्या. त्यांतल्याही काहींची झाकणं पानानं उचललेली निघाली, तर काहींत दरवर्षी आवळून आवळून स्क्रूचे आटे गेले होते. आता तिथे चांगली पेटी कुणी उघडत नाही. यंत्राच्या सूचनाही मोजक्या ठेवल्या आहेत, म्हणून त्या ऐकल्या जातात. हे काम पौर्णिमा आणि खुशालरावांनी त्यांच्या निवृत्तीपर्यंतच्या उरलेल्या दिवसांत संपवलं. त्या बिघडलेल्या पेट्यांपैकी आपण लावलेली एकेक पेटी खुशालरावांनी स्वतः उघडली आणि प्रत्येक वेळी जे निघालं ते तिला लिहून घ्यायला सांगितलं.

शिकवायला या, हे बोलणं मात्र पुन्हा निघालं नाही. ठरल्या तारखेला ते निवृत्त झाले. निरोप समारंभ झाला, शाल, नारळ आणि एक सदरा मिळाला. भाषणं लहान होती.

अश्विनवरचा ठपका कारखान्यानं काढला. पण त्याला पॅनेल परत दिलं नाही. पॅकिंगमध्ये जा म्हणाले. तो गेला नाही. एका दुपारी तो खुशालरावांकडे आला. मी तिथेच जमुनाबाईंबरोबर वाल निवडत बसले होते. त्यानं कुणाला नमस्कार केला नाही.

"काका, तुमी सांगतलं, बरं केलं. पन माहा बाप महिनाभर चौकात गेला नाही. ते कोन भरून देईन?"

"कोनी नाही," खुशालराव म्हणाले.

"नांदगाव पेठच्या कापडाच्या कंपनीत जागा आहे. बोलावलं आहे मले. तिथं इचारतीन, आधीचं काहून सोडलं. मी सांगतलं तर कोन मानंल?"

"मी येतो."

"तुमाले आत घेनार नाहीत."

"गेटापाशी बसतो. लागलं तर बोलाव."

अश्विन दारापर्यंत गेला आणि वळला. मग म्हणाला, "सोमवारी. सकाळची गाडी आहे. उशीर करू नका," आणि निघून गेला. जमुनाबाईंनी त्याच्यासाठी आणलेलं पाणी तसंच हातात राहिलं.

सोमवारी खुशालराव निवृत्तीच्या शालीसोबत मिळालेला सदरा न घालता, कारखान्यातला जुना निळा शर्ट घालून गेले. बडनेऱ्यापर्यंत गाडीत दोघं समोरासमोर बसले आणि बोलले नाहीत. तिथून ऑटो. गेटवरच्या शिपायानं त्यांना झाडाखाली बसवलं. दुपार टळल्यावर आतून निरोप आला आणि त्यांना बोलावलं. तिथल्या साहेबांनी विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे. त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं, आपल्या कारखान्यात सांगितलं होतं तेवढंच, पानापासून.

अंधार पडायच्या सुमारास ते फाटकातून आत आले. जमुनाबाई आणि मी माझ्या ओट्यावर वाट बघत होतो, दोघी उठलो.

"काय झालं?" जमुनाबाईंनी विचारलं. "घेतलं का त्याले?"

"घेतलं. पॅनेलवरच."

"काही बोलला तो?"

खुशालराव खाली बसून बुटाच्या लेस सोडू लागले. "गाडीत बोलला. त्या कंपनीत तारा कशा ओढल्या हायेत ते सांगत होता, मूर्तिजापूर येईस्तोवर. मंग झोपला."